पाचव्या माळेचा दिवा

गेल्या नवरात्रात पाचव्या माळेच्या रात्री आमच्या मेहकरच्या घरातला नंदादीप विझला. संध्याकाळपासून वीज नव्हती. मोठी आई, म्हणजे माझी थोरली काकू, देवघराच्या दाराशी सतरंजीवर आडवी झाली होती आणि मी ओसरीत. रात्री दोनच्या सुमारास वीज आली, देवघरातला पंखा एकदम फिरू लागला, कारण त्याचे बटण दुपारपासून कोणीतरी चालूच ठेवले होते, आणि मला जाग आली ती विझलेल्या वातीच्या वासाने. जळक्या कापसाचा, कोमट तेलाचा, घशात हळूच उतरून बसणारा तो वास. मी पंखा बंद केला. वातीच्या टोकाला अजून लाल ठिणगी होती आणि तिच्यातून धुराची बारीक दोरी सरळ वर चढत होती. मी कोनाड्यातली काडेपेटी घेतली, एक काडी ओढली आणि दिवा लावला. नऊ दिवस अखंड राहायचा दिवा विझणे हा अपशकुन मानतात आणि मोठ्या आईचे वय ब्याऐंशी, म्हणून ही गोष्ट कोणाला सांगायची नाही असे ठरवून मी पुन्हा अंथरुणावर पडलो. सकाळी तिला दिव्याच्या बुडाशी जळकी काडी दिसली. "रात्री दिवा गेला होता का रे बापू?" तिने विचारले. मी हो म्हणालो. तिने दिव्याला हात जोडले, तेल घातले आणि भाजी निवडताना विचारावे इतक्या साध्या आवाजात म्हणाली, "मग हा तोच म्हणायचा, का दुसरा?" मी घाईने "तोच" म्हणालो. तिने माझ्याकडे पाहिले आणि काहीच बोलली नाही.

त्या प्रश्नाने मला वर्षभर सोडले नाही.

घट बसतात त्या दिवशी आमच्याकडे वावरातून काळी माती येते. ती चाळून, खडे आणि काड्या वेचून पत्रावळीवर तिचा थर देतात, मधोमध पाण्याने भरलेला मातीचा घट ठेवतात आणि त्याच्याभोवती गहू, ज्वारी, मूग, हरभरा, करडई असे जे घरात असेल ते धान्य पेरतात. घट मातीचा असल्यामुळे रात्रंदिवस पाझरत राहतो आणि भोवतीच्या मातीला मागितल्याशिवाय पाणी मिळत जाते. तिसऱ्या माळेला माती जागोजागी फुगून तडकते, पाचव्या माळेला बोटभर कोंब उभे असतात आणि नवव्या माळेपर्यंत ते घटाचे अंग झाकून टाकतात. देवघरात ऊन येत नाही, म्हणून हे धान हिरवे होत नाही. ते लांबट, नाजूक आणि हळदीच्या पाण्याच्या रंगाचे राहते आणि दसऱ्याला तेच उपटून आम्ही टोपीत खोचतो. लहानपणी माझी समजूत होती की हे धान नंदादीपावर वाढते. दिवा तेवतो म्हणून कोंब येतात, दिवा विझला तर ते जागच्या जागी थांबतील, अशी मला खात्रीच होती. पुढे शिकल्यावर कळले की कोंब दिव्याकडे थोडा कलू शकेल, पण त्याचा खुराक दिव्यातून येत नाही. तो दाण्यातल्या पिठातून येतो. मागच्या हंगामात उन्हात उभ्या राहिलेल्या कणसाने जे साठवून ठेवले, तेच दाणा अंधारात खर्च करतो.

हा खर्च हाताला कळतो. मोठी आई मटकी भिजवून, फडक्यात घट्ट बांधून टोपल्यात ठेवते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गाठोड्यावर तळहात ठेवला तर ते कोमट लागते, ताप आलेल्या लेकराच्या कपाळासारखे. मी हे लहानपणापासून करत आलो आहे, पण त्या उबेचा अर्थ मला फार उशिरा लागला. दाण्यात साठवलेली सगळी ऊर्जा कोंबात उतरत नाही. तिचा काही भाग उष्णता होऊन बाहेर पडतो आणि तो पडावाच लागतो, कारण बाहेर काही उधळल्याशिवाय आत काही रचता येत नाही. माणसाचे शरीर स्वस्थ बसलेले असतानाही साधारण शंभर वॅटच्या जुन्या बल्बइतकी उष्णता टाकत असते. किलोमागे हिशेब मांडला तर ही उष्णता सूर्याच्या हजारो पट भरते. सूर्य प्रचंड आहे म्हणून तो तळपतो, पण त्याचा एक किलो भाग बाजूला काढून आपल्या एका किलो शरीराशेजारी ठेवला तर आपले शरीर त्याच्याहून कितीतरी वेगाने ऊर्जा खर्च करत असल्याचे दिसेल. हा आकडा मी पहिल्यांदा कागदावर मांडला तेव्हा दोनदा पुन्हा तपासला होता.

मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. उष्मागतिकीचा दुसरा नियम शिकवताना विद्यार्थी दरवर्षी तोच प्रश्न विचारतात आणि तो विचारला गेला की मला बरे वाटते. सगळे काही विस्कटण्याकडे जात असेल, तर मग झाड कसे उभे राहते, मूल कसे वाढते? अशा वेळी मी तव्यावर तेलाचा पातळ थर घेतो, त्यात चंदेरी रंगाची थोडी भुकटी मिसळतो आणि खालून मंद आच देतो. सुरुवातीला काही घडत नाही. आच एका मर्यादेपलीकडे गेली की तेलात एकाएकी खवले उमटू लागतात आणि पाहता पाहता ते मधमाशीच्या पोळ्यासारख्या षटकोनांत बसतात. प्रत्येक षटकोनाच्या मधोमध तेल वर येते आणि कडांनी खाली जाते. कोणी आखून दिलेले नसते. आच बंद केली की दोन मिनिटांत सारे पुसले जाते. उष्णता वाहत असेपर्यंतच टिकणाऱ्या अशा रचनांवर इल्या प्रिगोजीन यांनी आयुष्य घालवले आणि त्यासाठी त्यांना १९७७ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. ज्योत ही त्याच जातीची. ज्योत ही वस्तू म्हणून आपण दाखवतो खरी, पण तिच्यात या क्षणी असलेला एकही कण पुढच्या क्षणी तिच्यात नसतो. तेल वातीतून चढते, जळते, धूर आणि उष्णता होऊन निघून जाते, आणि या सगळ्या जाण्यायेण्यातून एक आकार मात्र रात्रभर तसाच उभा राहतो.

आयर्लंडमधल्या डब्लिन शहरात फेब्रुवारी १९४३ मध्ये, बाहेर महायुद्ध चालू असताना, भौतिकशास्त्रज्ञ एर्विन श्रोडिंगर यांनी जीव म्हणजे काय या प्रश्नावर व्याख्याने दिली. त्यांचा एक मुद्दा असा होता की सजीव भोवतालातून सुव्यवस्था शोषून घेतो आणि म्हणून लगेच विस्कटत नाही. ही सुव्यवस्था मुळात येते सूर्याकडून. पृथ्वी सूर्याकडून जेवढी ऊर्जा घेते, जवळजवळ तेवढीच आकाशात परत टाकते, त्यामुळे तिच्या पदरात शिल्लक अशी फारशी राहत नाही. फरक पडतो तो नाण्यांचा. सूर्याकडून आलेल्या प्रकाशाच्या एका कणाच्या बदल्यात पृथ्वी उष्णतेचे सुमारे वीस कण परत करते. बंदा रुपया घ्यायचा आणि चिल्लर करून द्यायचा. या मोडतोडीतून जे साधता येते, त्यावर गवतापासून आपल्यापर्यंत सगळ्यांचा संसार चालला आहे.

हे झाले जीव टिकण्याबद्दल. तो मुळात सुरू कसा झाला, हा प्रश्न अधिक अवघड, आणि त्यासाठी मी गेली काही वर्षे ज्यांचे काम शक्य तेवढे समजून घेत आलो आहे ते जेरेमी इंग्लंड हे अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत असताना २०१३ मध्ये त्यांनी स्वतःची प्रत करणाऱ्या वस्तूंविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. आतड्यातला एक सामान्य जिवाणू अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत स्वतःची दुसरी प्रत तयार करतो. ते करताना त्याने कमीत कमी किती उष्णता बाहेर टाकायलाच हवी, याची मर्यादा त्यांनी निव्वळ भौतिकीच्या नियमांवरून काढली आणि दाखवले की जिवाणू प्रत्यक्षात टाकतो ती उष्णता त्या मर्यादेच्या दहापटीच्या आतच आहे. पुढे त्यांनी मांडलेली कल्पना अशी. रेणूंच्या एखाद्या गर्दीला बाहेरून ऊर्जेचा रेटा सतत मिळत असेल आणि भोवती उष्णता शोषून घेणारे पाणी असेल, तर ती गर्दी फिरतफिरत अशा रचनेकडे सरकण्याची शक्यता वाढते, की जी रचना तो रेटा चांगला पकडते आणि उधळून टाकते. एकदा उधळलेली उष्णता पुन्हा गोळा होत नाही, त्यामुळे त्या वाटेवर टाकलेले पाऊल मागे घेणे अवघड जाते. पंचमीच्या झोक्यावर बसलेल्या पोरीला कोणी गणित शिकवलेले नसते, पण धडपडता धडपडता एकदा तिचे पाय झोक्याच्या लयीत सापडले की झोका उंच जातो. निर्जीव रेणूंनाही बाहेरच्या लयीत असे सापडता येते का, हे इंग्लंड विचारत आहेत. २५ रसायनांच्या एका संगणकी नमुन्यात त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्याला तसे काही घडताना दिसले. तरीही जीवाचा उगम यातून उलगडला असे कोणी म्हणू नये, आणि माझ्या मते अजून बराच पल्ला बाकी आहे. उन्हाळ्यात आमच्या वावरातून उठणारी वावटळही ऊर्जा उधळते, तिलाही आकार असतो, पण वावटळीला लेकरू होत नाही. आपले गुण पुढच्या प्रतीत जपून ठेवण्याची जी सोय जिवाजवळ आहे, ती केवळ उधळण्यातून कशी आली, हे सांगायचे राहिलेच आहे.

आणि इथे मला पाचव्या माळेची जळकी काडी आठवते.

आपण एरवी दिवा दिव्यावरून लावतो. जीवही तसाच चालत आला आहे. निर्जंतुक केलेल्या रश्श्यात आपोआप जिवाणू निपजत नाहीत, हे लुई पाश्चर यांनी १८६० च्या दशकात हंसाच्या मानेसारख्या नळीची काचपात्रे वापरून दाखवले, आणि तेव्हापासून जीव जिवातूनच येतो हे आपण धरून चालतो. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेकडच्या खडकांत जीवसृष्टीच्या सुमारे ३५० कोटी वर्षांपूर्वीच्या खुणा आहेत. म्हणजे माझ्या हातावरची पेशी, घटातला गव्हाचा कोंब आणि त्याच्या मुळाशी मातीत असलेला जिवाणू यांच्यामागे जी ओळ लागली आहे ती तेव्हापासून एकदाही तुटलेली नाही. ती कुठेही तुटली असती तर तिच्या या टोकाला आपण नसतो. इतका अखंड नंदादीप दुसरा कोणता असेल, मला ठाऊक नाही. पण पाश्चर यांचा नियम मागे मागे नेत गेले की केव्हातरी एक अशी जागा येतेच, जिथे दिव्यावरून दिवा लावायला आधीचा दिवाच नव्हता. तेल होते, वात होती, वारा होता आणि अंधार होता. शिकागोत स्टॅन्ली मिलर या तरुण विद्यार्थ्याने १९५२ मध्ये मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि पाण्याची वाफ काचेच्या पात्रांत कोंडून त्यांत विजेच्या ठिणग्या सोडल्या, तेव्हा प्रथिनांचे घटक असलेली अमिनो आम्ले तयार झाली. मिलर २००७ मध्ये वारले. त्यांनी जपून ठेवलेल्या जुन्या कुप्या पुढच्याच वर्षी नव्या उपकरणांनी तपासल्या, तर त्यांत त्यांनी स्वतः नोंदवली होती त्याहून कितीतरी जास्त अमिनो आम्ले सापडली. तेल आणि वात आपोआप जमू शकतात, एवढे यातून नक्की कळते. पण वात पेटली कशी?

मेहकरहून लोणार जवळ आहे. नवरात्रात विवराच्या तळाशी कमळजादेवीची यात्रा असते आणि मोठी आई चालू शकत होती तोवर आम्ही दरवर्षी जात असू. गोमुखाच्या धारेखाली हातपाय धुवायचे, मग झाडीतून उतरत जायचे. उतरताना चिंच, बाभूळ आणि ओल्या पाल्याचा वास येत असतो आणि तळाशी पोचता पोचता तो अचानक बदलतो, सडलेल्या अंड्यांसारखा उग्र होतो. काठावर चिखलाला पांढरी साय धरलेली असते. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या या विवरातले पाणी खारे आहे आणि त्याहून अधिक म्हणजे ते क्षारीय आहे, बोटांना साबणासारखे बुळबुळीत लागते. मोठी आई काठावर बसून आम्हाला सांगायची की हे पाणी म्हणजे लवणासुराचे रक्त आणि हा क्षार म्हणजे त्याचे मांस, भगवंताने दैत्यसूदन होऊन त्याला इथे मारला. जून २०२० मध्ये सगळे सरोवर गुलाबी झाले तेव्हा तिने दूरदर्शनवरचे चित्र पाहून नुसती मान हलवली, जणू काही ठाऊक असलेलेच पुन्हा घडले होते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या तपासणीत त्या रंगाचे कारण मिळाले. उन्हाळ्यात पाणी आटून खारटपणा वाढला आणि खाऱ्या पाण्यात रमणारे, लालसर रंगद्रव्य बाळगणारे सूक्ष्मजीव माजले. त्यांचे कूळ आर्किया, म्हणजे जीवसृष्टीच्या फार जुन्या शाखांपैकी एक.

त्याच्या आधी काही महिने, २०१९ संपता संपता, वॉशिंग्टन विद्यापीठातल्या दोन शास्त्रज्ञांनी एक निबंध प्रसिद्ध केला होता, तो मला त्या टाळेबंदीत वाचायला मिळाला. जिवाला फॉस्फरस लागतो. डीएनएचा कणा त्याचा, पेशीच्या पडद्यात तो, पेशीच्या ऊर्जेच्या खुर्द्यातही तोच. पण नद्या, समुद्र आणि साध्या तळ्यांत कॅल्शियम त्याला धरून दगडात बांधून टाकतो. कार्बोनेटने भरलेल्या क्षारीय सरोवरांत मात्र कार्बोनेट आधीच कॅल्शियमला गुंतवून ठेवतो आणि फॉस्फेट पाण्यात मोकळे राहते, साध्या पाण्याच्या हजारो पट साठते. पहिला जीव अशाच एखाद्या सरोवराच्या काठी, सुकणाऱ्या आणि पुन्हा भिजणाऱ्या चिखलात सुरू झाला असावा, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी विचारात घेतलेल्या सरोवरांत कॅलिफोर्नियातले मोनो होते, केनियातले मगाडी होते आणि आमचे लोणार होते. तो शब्द वाचून मी खुर्चीतून उठलो होतो. लोणारचे विवर पृथ्वीच्या वयापुढे कालचे पोर आहे, ते ज्या काळ्या पाषाणात खोदले गेले तो पाषाणही सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा, तेव्हा पहिला जीव लोणारला जन्मला असे कोणी म्हटलेले नाही आणि म्हणूही नये. पण जिथे हात धुवायला मला नेहमी शिसारी यायची, तेच पाणी पहिल्या वातीच्या तेलासारखे असू शकेल, आणि त्याच काठावर बसून एक बाई मला असुराच्या रक्ताची गोष्ट सांगत होती, या दोन गोष्टी मला आजही एकमेकींपासून सोडवून घेता येत नाहीत. आणि खरे सांगायचे तर सोडवाव्याशाही वाटत नाहीत.

इथे माणसे घाई करतात. मी भाषणांतून आणि लग्नाच्या पंगतीत कितीदा तरी ऐकले आहे की शक्ती म्हणजे ऊर्जाच, देवी म्हणजे ऊर्जा, आपल्या पूर्वजांना हे आधीच ठाऊक होते. ऐकताना माझा जीव कासावीस होतो. ऊर्जा ज्यूलमध्ये मोजतात, ती कोणाचे ऐकत नाही आणि कोणावर रुसत नाही. मोठी आई जिच्यापुढे रात्रभर जागते, जिला आपल्या मेलेल्या मुलाविषयी विचारते, तिला ज्यूलच्या रांगेत नेऊन बसवण्यात भौतिकीचाही मान राहत नाही आणि देवीचाही. उलट बाजूची घाईही मी पाहिली आहे. रेणू आपोआप जुळू शकतात हे दिसले की देवाचा हिशेब मिटला, असे सांगणारे माझ्या सहकाऱ्यांत आहेत आणि ती माणसे मला प्रिय आहेत. डॅन ब्राउन यांच्या २०१७ च्या कादंबरीत इंग्लंड यांच्याच नावाचे एक पात्र आहे आणि त्यांच्या सिद्धान्ताच्या जोरावर तिथे सृष्टिकर्त्याची गरज संपल्याचे सुचवले जाते. इंग्लंड हे श्रद्धाळू ऑर्थोडॉक्स ज्यू आहेत. पोलंडमधल्या नरसंहारातून वाचलेल्या माणसांची लेक ही त्यांची आई. तरुणपणी त्यांनी आपल्या धर्माचा अभ्यास गंभीरपणे सुरू केला आणि पुढे रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, म्हणून दीक्षाही घेतली. कादंबरी आली त्याच वर्षी त्यांनी वृत्तपत्रात लेख लिहून सांगितले की देव नाही हे सिद्ध करायला माझा दाखला देऊ नका.

याची दुसरी बाजू सहासष्ट वर्षे आधी घडून गेली होती. विश्व एका अत्यंत दाट, लहानशा अवस्थेतून पसरत आले असावे ही कल्पना मांडणारे जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू होते. नोव्हेंबर १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी एका भाषणात या सिद्धान्तात सृष्टीच्या निर्मितीची साक्ष दिसते अशा अर्थाचे सांगितले. लमेत्र यांना आनंद व्हायला हवा होता. ते अस्वस्थ झाले. आपला सिद्धान्त पुढेमागे चुकीचा ठरू शकतो, आणि धर्माने त्याच्यावर भार टाकू नये, असे त्यांना वाटत होते. पुढच्या वर्षी खगोलशास्त्रज्ञांच्या परिषदेपुढे बोलताना पोप यांनी तो दावा पुन्हा केला नाही. एकाने आपले काम देवाविरुद्धचा पुरावा म्हणून वापरू दिले नाही, दुसऱ्याने देवाच्या बाजूचा पुरावा म्हणून. दोघेही आपल्या प्रार्थना नेमाने करणारे. मला या दोघांत फार मोठी सचोटी दिसते, आणि ती पाहिल्यावर माझ्या मनातला एक जुना गुंता थोडा सैल झाला. पहिली वात कोणी पेटवली, हा प्रश्न विचारून आपण देवाला काडेपेटीच्या जागी नेऊन बसवतो. तिथे त्याला बसवले, की प्रयोगशाळेत ज्या दिवशी काडीशिवाय वात पेटेल त्या दिवशी त्याला तिथून उठावे लागेल. माझ्या घरातल्या बाईची श्रद्धा त्या कोनाड्यात कधी नव्हतीच. दिवा मी काडीने लावला हे कळल्यावर तिचा चेहरा उतरला नव्हता, तिने तेल घातले होते.

इंग्लंड यांच्या लिखाणात मोशेला दिसलेल्या झुडपाची आठवण येते. ज्यूंच्या धर्मग्रंथात एका मेंढपाळाला रानात झुडूप पेटलेले दिसते, ते जळत असते आणि जळून जात मात्र नसते, म्हणून तो वाट सोडून जवळ जातो. इंग्लंड त्या झुडपात सजीवाचे रूप पाहतात, ज्यातून ऊर्जा सतत वाहते आणि जे त्या वाहण्यानेच टिकते. त्यांचे म्हणणे मी समजलो ते असे, की कशाला जिवंत म्हणायचे आणि कशाला नाही ही रेघ समीकरण आखून देत नाही, ती आपण समीकरणाच्या आधीच आखून आलेलो असतो, आणि ती आखताना आपण आपल्या भाषेतून, आपल्या माणसांतून आणि आपल्या उपासनेतून शिकलेले सगळे बरोबर घेऊन येतो. मला हे पटते, पण पूर्ण समाधान होत नाही. मेलेल्या माणसाच्या कपाळावर हात ठेवल्यावर जे कळते, ते भाषेच्याही आधीचे असते. मोठ्या आईने आपल्या मुलाच्या, म्हणजे माझ्या चुलतभावाच्या, कपाळावर ठेवलेला हात मी पाहिला आहे. मटकीच्या गाठोड्याची ऊब ज्या तळहाताला ठाऊक होती, त्या तळहाताला ती ऊब गेल्याचे तत्काळ कळले. तिथे शास्त्र बोलायचे नव्हते आणि मी बोललोही नाही.

तोच दिवा की दुसरा, हा प्रश्न फार जुना आहे. मिलिंद राजाशी बोलताना भिक्खू नागसेनांनी रात्रभर जळणाऱ्या दिव्याचाच दाखला दिला होता. पहिल्या प्रहराची ज्योत आणि शेवटच्या प्रहराची ज्योत एकच नाही आणि वेगळीही नाही. हे मला सापडले तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. मी फोन करून मोठ्या आईला सांगितले. "असं होय," ती म्हणाली, आणि शेजारच्या घरी झालेल्या बारशाचे सांगू लागली.

यंदा घट बसले तेव्हा देवघरातल्या पंख्याच्या बटणावर कोणीतरी चिकटपट्टी लावून टाकली होती. माळेला कारळ्याची पिवळी फुले होती. मोठ्या आईचे हात आता कापतात, म्हणून रात्रीची जागरणे माझ्याकडे आली. पाचव्या माळेला मध्यरात्रीनंतर वातीवर काजळीचा गोंडा धरला आणि ज्योत धुरकट, तांबडी होऊ लागली. मला वाटले मोठी आई झोपली आहे. ती पडल्या पडल्याच म्हणाली, "निरांजन आण, फुलवात भिजव तुपात." मी आणले. ती उठून बसली, तिने माझा हात धरून निरांजनाची वात नंदादीपाच्या ज्योतीला टेकवली आणि क्षणभर दोन्ही वातींवर मिळून एकच मोठी ज्योत झाली. मग मी हात मागे घेतला आणि त्या दोन झाल्या. "वारा लागू देऊ नको," ती म्हणाली. मी डाव्या तळहाताचा आडोसा धरून उभा राहिलो. तिने नंदादीप शांत केला, जुनी वात काढली, दिव्याचे तोंड बोटाने पुसून घेतले, नवी वात घातली, तेल ओतले आणि ते वातीत चढेपर्यंत थांबली. तेवढा वेळ त्या खोलीत माझ्या हातातली ज्योत सोडून दुसरा उजेड नव्हता. घटाभोवतीचे फिकट धान तिच्या उजेडात सोन्यासारखे दिसत होते आणि माझ्या तळहाताला तिची ऊब लागत होती. मग तिने बोटाने खूण केली, मी निरांजन नव्या वातीजवळ नेले आणि नंदादीप लागला. निरांजनावर फुंकर मारायला मी तोंड खाली नेले, तेव्हा तिने मला थांबवले, माळेतले गळून पडलेले एक फूल उचलले आणि त्याने ती लहान ज्योत हलकेच मालवली.